पेनेबेकरचे कॅमेरे आणि मॉन्टेरेचे तीन दिवस

१९६७ सालच्या अमेरिकेत रॉक संगीताजवळ पैसा होता, गर्दी होती, पण मान नव्हता. जॅझला कलेचा दर्जा मिळाला होता, लोकसंगीताला अभ्यासक मिळाले होते. रॉक मात्र पोरासोरांची करमणूक समजली जाई. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे या समुद्रकाठच्या गावी १९५८पासून दरवर्षी जॅझचा महोत्सव भरत होता. लोकसंगीतासाठी पूर्व किनाऱ्यावर न्यूपोर्टचा महोत्सव होता. रॉकला असा कुठलाच हक्काचा मंच नव्हता. त्या वर्षी ‘ममाज अँड द पापाज’ या गायकचमूतल्या कॅस एलियटच्या घरी मित्रमंडळी जमली असताना हीच खंत बोलली गेली. त्या बैठकीत तिचा सहगायक जॉन फिलिप्स, निर्माता लू ॲडलर आणि बीटल्सचा पॉल मॅकार्टनी होते. जॅझवाल्यांना मिळतो तो मान आपल्या संगीताला का नाही, हा त्यांचा सवाल होता.

याच सुमारास ॲलन पॅरिसर आणि बेन शपिरो हे दोघे मॉन्टेरेच्या त्याच जत्रा-मैदानावर रॉकचा महोत्सव भरवण्याच्या खटपटीत होते. त्यांचा बेत व्यवसायाचा होता. शपिरोने एका कलाकाराशी करारही करून टाकला होता आणि तो कलाकार रॉकवाला नव्हता. तो म्हणजे पंडित रविशंकर. पुढे हे दोघे ‘ममाज अँड द पापाज’ना आमंत्रण द्यायला गेले, तेव्हा फिलिप्स आणि ॲडलर यांनी बेतच पालटला. कलाकारांनी बिदागी घ्यायची नाही, प्रवासखर्च आणि राहण्याची सोय तेवढी व्हावी, नफा झालाच तर तो एका प्रतिष्ठानाकडे जावा, असे ठरले. मॅकार्टनी, मिक जॅगर, पॉल सायमन, स्मोकी रॉबिन्सन अशी नावे संचालक मंडळावर आली. मॅकार्टनीने आग्रहाने एक नाव सुचवले : जिमी हेन्ड्रिक्स. हा अमेरिकन गिटारवादक इंग्लंडात गाजत होता आणि त्याच्या मायदेशात त्याला कोणी ओळखत नव्हते. रविशंकरांचा करार आधीच झालेला असल्यामुळे महोत्सवाने बिदागी दिली ती एकट्या त्यांनाच, तीन हजार डॉलरच्या आसपास.

तारखा ठरल्या १६ ते १८ जून. तयारीला जेमतेम दोन महिने मिळाले. मॉन्टेरे हे निवृत्त लोकांचे, शिस्तीचे गाव. जवळच फोर्ट ऑर्डची लष्करी छावणी होती आणि तिथे शिकून तयार झालेली पोरे व्हिएतनामला रवाना होत होती. अशा गावात लांब केसांचे, अनवाणी, फुले माळलेले हजारो तरुण येऊन धडकणार म्हटल्यावर नगरपालिका आणि पोलीस धास्तावले. पोलीसप्रमुख फ्रँक मॅरिनेलो यांना मोटारसायकलवाल्या टोळ्यांची भीती होती. लोकांची मने वळवण्यासाठी फिलिप्सने एक गाणे लिहिले आणि स्कॉट मॅकेन्झीने ते गायले. सॅन फ्रान्सिस्कोला येताना केसांत फुले माळून या, असे सांगणारे ते गाणे महोत्सवाच्या आधीच जगभर वाजू लागले.

आता मूळ विषयाकडे येतो. हा महोत्सव आज आपल्याला माहीत आहे तो एका माहितीपटामुळे, ‘मॉन्टेरे पॉप’मुळे. मैदानावरच्या मुख्य प्रेक्षागारात खुर्च्या होत्या सुमारे सात हजार. बाहेरच्या हिरवळीवर आणि गावात कितीतरी अधिक माणसे होती, पण ती गर्दीही पुढच्या महोत्सवांच्या मानाने लहानच. इतक्या थोड्या लोकांनी पाहिलेला कार्यक्रम साऱ्या जगाच्या आठवणीत कसा रुजला, याचे उत्तर त्या मंचाइतकेच कॅमेऱ्यांतही आहे.

महोत्सवाचा खर्च भागवायला चित्रीकरणाचे हक्क एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीला विकले होते. घरोघरी दिसणारा एक खास कार्यक्रम व्हावा, एवढीच मूळ कल्पना. काम सोपवले गेले डी. ए. पेनेबेकर यांच्याकडे. १९६५ साली बॉब डिलनच्या इंग्लंड दौऱ्यावर ते कॅमेरा खांद्यावर घेऊन त्याच्या मागे मागे फिरले होते. त्यातून झालेला ‘डोन्ट लुक बॅक’ हा माहितीपट १९६७मध्येच लोकांसमोर आला. निवेदन नाही, मुलाखतीसाठी मांडलेली खुर्ची नाही. जे घडते आहे ते घडू द्यायचे आणि आपण तिथे हजर असायचे, ही त्यांची रीत.

ही रीत यंत्राशिवाय शक्यच नव्हती. तोवर चित्रपटाचा ध्वनिसहित कॅमेरा म्हणजे तिकाटण्यावर बसवलेले अवजड धूड. हलका कॅमेरा घ्यावा तर त्याच्याशी आवाज जुळत नसे. जुळवायचा तर कॅमेरा आणि ध्वनिमुद्रक यांना तारेने बांधून ठेवावे लागे. १९६० साली रॉबर्ट ड्र्यू यांच्या गटाने केनेडींच्या विस्कॉन्सिनमधल्या प्रचारावर ‘प्रायमरी’ हा माहितीपट केला, तेव्हापासून या अडचणीशी झुंज चालू होती. त्या गटात रिचर्ड लिकॉक होते, अल्बर्ट मेझल्स होते आणि पेनेबेकरही होते. पेनेबेकर मूळचे इंजिनिअर. त्यांनी १६ मिलिमीटरचे कॅमेरे उघडून स्वतः दुरुस्त केले, खांद्यावर बसतील असे घडवले. क्वार्ट्झ स्फटिकाच्या नेमक्या गतीवर कॅमेरा आणि ध्वनिमुद्रक दोन्ही चालवले की मधली तार लागत नाही. तार गेली आणि छायालेखक मोकळा झाला. तो मंचावर चढू शकला, गायकाच्या मागे जाऊ शकला, गर्दीत शिरून एखाद्या चेहऱ्यापाशी थांबू शकला.

मॉन्टेरेला असे हात पाच-सहा होते आणि त्यांत लिकॉक, मेझल्स, निक प्रॉफेरेस, जिम डेझमंड अशी तयारीची माणसे. आवाज पकडायला वॉली हायडर यांची फिरती ध्वनिमुद्रण गाडी आणि तिच्यात आठ ट्रॅकचे यंत्र. १९६७ साली चांगल्या स्टुडिओतसुद्धा चार ट्रॅकांवर काम चाले, हे लक्षात घेतले म्हणजे ही सोय किती मोठी होती ते कळेल. अडचण एकच, फिल्मची. १६ मिलिमीटरचे ४०० फुटांचे रीळ सुमारे ११ मिनिटांत संपते. तीन दिवसांत तिसाहून अधिक कलाकार येणार, सगळे टिपणे अशक्य. म्हणून मंचाच्या कडेला एक लाल दिवा बसवला. डिलनचा मित्र बॉब न्यूवर्थ याच्याकडे त्याची जबाबदारी होती. दिवा लागला की ते गाणे चित्रित करायचे. इतिहासात काय राहणार आणि काय जाणार, याचा पहिला निवाडा त्या दिव्याने केला.

शुक्रवारची रात्र शांतपणे गेली. शेवटी सायमन आणि गारफंकल दोघेच, एका गिटारवर, असे गायले. खरी ठिणगी पडली शनिवारी दुपारी. ‘बिग ब्रदर अँड द होल्डिंग कंपनी’ हा सॅन फ्रान्सिस्कोचा वाद्यवृंद मंचावर आला. त्याची गायिका जॅनिस जॉप्लिन टेक्सासहून आलेली, शहराबाहेर फारशी कोणाला ठाऊक नसलेली. तिने ब्लूज गायला घेतले आणि सगळे मैदान थक्क झाले. पण त्यांच्या व्यवस्थापकाने चित्रीकरणाला नकार दिला होता. लॉस एंजेलिसचे निर्माते म्हणजे धंदेवाईक लोक, असा सॅन फ्रान्सिस्कोच्या मंडळींचा पक्का ग्रह. ‘ग्रेटफुल डेड’ या तिथल्याच वाद्यवृंदाने त्याच भावनेतून चित्रपटात यायचे नाकारले आणि ते खरोखरच त्यात नाहीत. जॅनिसला मात्र आपण काय गमावतो आहोत ते उमगले. बरीच समजूत काढल्यावर वाद्यवृंद राजी झाला आणि रविवारी, केवळ कॅमेऱ्यासाठी, त्यांना पुन्हा मंच दिला गेला.

चित्रपटातली जॅनिस पाहताना कॅमेरा कुठे जातो ते नीट पाहावे. तो तिच्या पावलांवर जातो. तालावर आपटणारी टाच दिसते, आणि सूर पोटातून येतो म्हणजे काय ते त्या पावलातून कळते. मग श्रोत्यांत बसलेली कॅस एलियट दिसते. ती स्वतः मोठी गायिका, आणि जॅनिसचे गाणे ऐकून तिचे तोंड उघडेच राहते. एका कलावंताने दुसऱ्याला दिलेली इतकी निर्व्याज दाद पडद्यावर मी क्वचितच पाहिली आहे.

शनिवारी रात्री उशिरा ओटिस रेडिंग आला. तो मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीचा गायक. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय श्रोत्यांत त्याचे नाव मोठे होते, पण मॉन्टेरेतल्या गोऱ्या तरुण श्रोत्यांना तो नवा होता. मागे ‘बुकर टी अँड द एमजीज’ हा कसलेला वाद्यवृंद. त्याला वेळ मिळाला तो फक्त पाच गाण्यांचा. पेनेबेकर त्याच्या मागे उभे राहिले. मंचावरचा दिवा थेट भिंगात येत होता, ओटिस मध्ये आला की तो झाकला जाई आणि बाजूला झाला की सारा पडदा पांढराफटक होई. चित्रीकरणाच्या पुस्तकात ही चूक ठरली असती. इथे ती गाण्याच्या लयीचा भाग झाली. सहा महिनेही झाले नाहीत तोच, १० डिसेंबर १९६७ रोजी, विस्कॉन्सिनमधल्या एका तळ्यात विमान कोसळून ओटिस गेला. वय २६. भर तारुण्यातला ओटिस आपल्याला सर्वांत जवळून दिसतो तो याच काही मिनिटांत.

रविवारची संपूर्ण दुपार रविशंकरांची होती. आधी कोणी नाही, नंतर कोणी नाही. त्याविषयी पुढे सविस्तर सांगायचे आहे. रात्री ‘द हू’ हा वाद्यवृंद आणि हेन्ड्रिक्स यांच्यात आधी कोणी वाजवायचे यावरून वाद झाला, कारण दोघांचाही शेवट स्फोटक होता आणि दुसऱ्याच्या नंतर कोणालाच जायचे नव्हते. नाणे उडवून निकाल लागला. ‘द हू’ आधी आले आणि पीट टाउनशेंडने गिटार मंचावर आपटून तिचे तुकडे केले; मंचावरचे कामगार माइक वाचवायला धावले. मग हेन्ड्रिक्स आला. ‘रोलिंग स्टोन्स’च्या ब्रायन जोन्सने त्याची ओळख करून दिली. मायदेशात आपल्या नव्या वाद्यवृंदासह त्याचा हा पहिलाच कार्यक्रम. गिटार पाठीमागे धरून, दातांनी छेडून झाल्यावर अखेरीस त्याने ती खाली ठेवली, तिच्यावर पेट्रोलसारखे द्रव ओतले, गुडघ्यांवर बसून काडी लावली आणि जळती गिटार फोडून तुकडे श्रोत्यांत भिरकावले.

एबीसीच्या प्रमुखांना हेन्ड्रिक्सचे हे चित्रण दाखवले गेले आणि त्यांनी ते आपल्या वाहिनीवर दाखवायला साफ नकार दिला. कंपनीने हक्क सोडले. दूरचित्रवाणीच्या तासाभराच्या चौकटीतून चित्रपट सुटला आणि चित्रपटगृहाचा झाला. १६ मिलिमीटरवरून ३५ मिलिमीटरची प्रत काढली गेली, पेनेबेकर आणि लिकॉक यांनी वितरणही स्वतःच अंगावर घेतले आणि १९६८च्या अखेरीस ‘मॉन्टेरे पॉप’ अमेरिकेत प्रदर्शित झाला. लांबी ८० मिनिटांहूनही थोडी कमी.

या लांबीत तीन दिवस बसवताना जे निर्णय झाले, तिथे हा चित्रपट निव्वळ नोंदीच्या पुढे जातो. बहुतेकांना एकच गाणे मिळाले. कित्येकांना तेही नाही. ‘जेफरसन एअरप्लेन’ या वाद्यवृंदाच्या एका गाण्यात मुख्य गायक मार्टी बॅलिन आहे, पण कॅमेरा धरून बसला आहे सहगायिका ग्रेस स्लिकचा चेहरा. बॅलिनवर हा अन्याय आहे, यात शंका नाही. पण सर्वांत मोठा निर्णय शेवटाचा. जळती गिटार हाताशी असताना कोणताही निर्माता चित्रपट तिथेच संपवील. पेनेबेकर यांनी कालक्रम मोडला. हेन्ड्रिक्सची रात्र आधी आणि रविवारची दुपार नंतर. चित्रपटाची शेवटची सुमारे १८ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाव हिस्सा, त्यांनी सतारीला दिली.

इथे आपला संबंध येतो आणि तो मुंबईमार्गे येतो. रविशंकरांनी १९६२ साली मुंबईत ‘किन्नर’ ही संगीतशाळा काढली होती. सप्टेंबर १९६६मध्ये बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन सतार शिकायला मुंबईत आला आणि ताजमहाल हॉटेलात उतरला. बातमी फुटताच हॉटेलाखाली गर्दी जमली आणि गुरुशिष्यांना शहर सोडून काश्मीर गाठावे लागले. त्यानंतर पाश्चात्त्य तरुणांत सतारीची जी लाट उसळली, तिच्याच जोरावर मॉन्टेरेची ती दुपार ठरली. तबल्याला होते उस्ताद अल्लारखा. त्यांनी १९४० साली मुंबईच्या आकाशवाणीवर वाजवायला सुरुवात केली होती आणि ए. आर. कुरेशी या नावाने हिंदी चित्रपटांना संगीतही दिले होते. तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती होत्या.

ती मैफल सुमारे तीन तास चालली. तिच्या ध्वनिमुद्रिकेत सुरुवातीला भीमपलास आहे, मग एकतालात अल्लारखांचे स्वतंत्र वादन आणि शेवटी धून, आधी दादऱ्यात आणि मग द्रुत तीनतालात. दुपारची बैठक म्हणून भीमपलास! ऐकणाऱ्यांत रागसमयाचा संकेत जाणणारा क्वचितच कोणी असेल, तरी रविशंकरांनी तो पाळला. वादनाच्या आधी त्यांनी धूम्रपान करू नका अशी विनंती केली आणि ती मानली गेली. आदल्या दोन दिवसांत त्या मैदानावर काय काय ओढले गेले होते ते पाहता ही साधी गोष्ट नव्हे.

चित्रपटात धुनेचा भाग आहे. आधी सतार ऐकू येते, दिसत नाही. कॅमेरा मैदानात हिंडतो. झोपलेले, रंगवलेले, फुले माळलेले, विचारात बुडालेले चेहरे येतात आणि जातात. बराच वेळ गेल्यावर मंच दिसतो, उदबत्तीचा धूर दिसतो. श्रोत्यांत हेन्ड्रिक्स आहे, गिटारवादक माइक ब्लूमफील्ड आहे, आणि दोघांच्या चेहऱ्यावर विद्यार्थ्याची एकाग्रता आहे. मग लय चढते. तीनतालात सवालजवाब सुरू होतात, सतारीने टाकलेला तुकडा तबला उचलतो, अल्लारखा हसतात, रविशंकर मान डोलावतात. आपल्याकडे बैठकीत पुढच्या रांगेला बसणाऱ्यालाच दिसते ते सारे इथे आहे : मिजराब चढवलेले बोट, तारेवर ओढली जाणारी मींड, समेवर येताना दोघांची झालेली नजरानजर. तिहाई पुरी होते आणि मैदान उभे राहते.

भारतीय संगीताचे इतके चांगले चित्रीकरण त्याआधी आणि नंतरही फार थोडे झाले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण पेनेबेकर यांना राग कळत होता हे नाही. ऐकणे कसे दिसते ते त्यांना कळत होते. ऐकणारा माणूस हा मैफलीचा निम्मा भाग असतो, ही गोष्ट आपल्या रसिकांना सांगावी लागत नाही. त्यांनी ती कॅमेऱ्याने ओळखली.

परिणाम झपाट्याने झाले. जॅनिसला कोलंबिया कंपनीचा करार मिळाला, हेन्ड्रिक्स मायदेशात तारा झाला. रेकॉर्ड कंपन्यांना बाजार दिसला आणि बिनपैशाचा महोत्सव हा प्रयोग पुन्हा जमला नाही. ऑगस्ट १९६९मध्ये वुडस्टॉकचा महोत्सव झाला आणि मायकेल वॉडली यांनी त्यावर तीन तासांचा चित्रपट केला. संकलनात थेल्मा स्कूनमेकर आणि तरुण मार्टिन स्कॉर्सेसी होते; चित्रपटाला माहितीपटाचे ऑस्कर मिळाले. त्याच वर्षी ६ डिसेंबरला ऑल्टामॉन्टला ‘रोलिंग स्टोन्स’च्या फुकट कार्यक्रमात मंचासमोर १८ वर्षांच्या एका कृष्णवर्णीय तरुणाचा खून झाला. तो क्षण कॅमेऱ्यात सापडला आणि खटल्यात ज्युरीला दाखवला गेला. ‘गिमी शेल्टर’ या त्या चित्रपटाच्या दिग्दर्शकांपैकी एक होते अल्बर्ट मेझल्स, मॉन्टेरेच्या मंचावर कॅमेरा घेऊन उभे असलेले. अडीच वर्षांत एका पिढीने काय कमावले आणि काय घालवले, ते एकाच माणसाच्या खांद्यावरून दिसले.

रविशंकरांना स्वतःला मॉन्टेरे आवडले आणि खुपलेही. वाद्य हे पूजेचे, त्याला पाय लागला तर आपण नमस्कार करतो. ते जाळलेले त्यांना सहन झाले नाही, हे त्यांनी पुढे वारंवार सांगितले. वुडस्टॉकला पावसात, चिखलात, नशेतल्या गर्दीपुढे वाजवल्यावर ते अशा महोत्सवांपासून दूर झाले. १९७१मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी न्यूयॉर्कला हॅरिसनबरोबर त्यांनी कार्यक्रम केला, तेव्हा वाद्ये जुळवून होताच लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मॉन्टेरेच्या श्रोत्यांनी त्यांना तीन तास दिले होते. तशी दुपार रॉकच्या मैदानावर त्यांना पुन्हा लाभली नाही.

वगळलेल्या रिळांचीही एक कथा आहे. लॉरा नायरो ही गुणी गीतकार-गायिका शनिवारी रात्री मंचावर आली होती. आपल्याला लोकांनी हुर्यो करून उतरवले, असे तिच्या मनाने घेतले. वृत्तान्तांतही तेच छापले गेले आणि वर्षानुवर्षे तेच सांगितले गेले. तिची गाणी चित्रपटात नव्हती, त्यामुळे खरेखोटे करायला साधन नव्हते. २००२ साली वगळलेले चित्रण खुले झाले, तेव्हा त्यात हुर्यो ऐकू आलीच नाही. लॉरा १९९७मध्येच गेली होती. कॅमेऱ्याने टिपलेलेसुद्धा डब्यात पडून राहिले तर माणसावर किती अन्याय होतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

पेनेबेकर यांना २०१२ साली सन्मानाचे ऑस्कर मिळाले, २०१८मध्ये ‘मॉन्टेरे पॉप’ अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत दाखल झाला आणि २०१९मध्ये पेनेबेकर वारले. चित्रपट आज नव्याने स्वच्छ केलेल्या प्रतीत उपलब्ध आहे. ज्यांना रॉकशी काही देणेघेणे नाही त्यांनीही तो जरूर पाहावा. मात्र शेवटच्या १८ मिनिटांवर उडी न मारता, पहिल्या गाण्यापासून.